फक्कीचा वास

पाणी मारलेल्या मैदानावर नुकतीच फक्की पडली की एक वास सुटतो. ओल्या मातीचा गारवा खाली, आणि त्यावर चुन्याचा तो जरासा तिखट, नाकात हुळहुळणारा कोरडेपणा. कुठल्याही गावात, कुठल्याही शाळेच्या फाटकाशी हा वास आला की माझी पावलं आपोआप मंदावतात. आत स्पर्धांची तयारी चाललेली असते, कुणी सुतळी ताणून धरलेली असते, कुणी डब्यातून फक्की सोडत मागे मागे सरकत असतं. आणि मी मात्र केव्हाच कृष्णाकाठच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत, चौथीच्या वर्गात पोचलेली असते.

आमचं खो-खोचं मैदान गुरुजी आमच्याकडूनच आखून घेत. सुतळीला सारख्या अंतरावर गाठी मारलेल्या असत. एका बाजूला तीन भाग, दुसऱ्या बाजूला चार, तिसऱ्या बाजूला पाच, असा तिघींनी मिळून त्रिकोण ताणायचा; मग कोपरा नेमका काटकोनात बसायचा. पायथागोरसचं नाव कानावर पडायला अजून बरीच वर्षं होती. काटकोन मात्र आमच्या तळपायांना आधीच ठाऊक झाला होता. त्या पांढऱ्या रेषेवरून पाय न ढळू देता चालत जाण्यात केवढा आनंद होता!

आणि मग खेळ. आठ जणी चौकोनांत उकिडव्या, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला, आणि नववी धावती. एकदा दिशा धरली की खांब ओलांडेपर्यंत मागे फिरायचं नाही, हा त्या खेळाचा कडक कायदा. खांबाशी आलं की तळहात खांबावर घट्ट रोवायचा आणि अंग झोकून वळायचं. त्या क्षणी सगळं शरीर बाहेरच्या बाजूला खेचलं जायचं, परकर भिरभिरायचा, पायाखालची माती सुटायची, आणि हात सुटला तर आपण सरळ रेषेत दूर जाऊन पडणार हे पोटाला कळायचं. जडत्व हा शब्द पुढे पुस्तकात आला तेव्हा मला आधी तो खांबच आठवला, घामट तळहातांनी गुळगुळीत झालेला.

लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू नदीची होती. उड्या मारून दमलो की गुरुजी खिशातून लोहचुंबक काढत आणि वाळूत फिरवायला देत. बाहेर काढला की त्याला बारीक काळे कण चिकटलेले असत, दाढीसारखे उभे राहिलेले. आपल्या डोंगरांच्या काळ्या दगडात लोखंड असतं, पावसाबरोबर ते झिजून नदीला मिळतं, एवढंच ते सांगत. आम्ही मग सह्याद्रीकडे बघत बसायचो. सबंध डोंगर चिमटीत आला होता.

पण जीव गुंतलाय तो चुन्याच्या निवळीत. मैदानावर पडायचा तोच चुना आदल्या दिवशी बरणीभर पाण्यात कालवून ठेवलेला असे. रात्रभरात गाळ खाली बसायचा आणि वर नितळ पाणी राहायचं, इतकं नितळ की बरणी रिकामी वाटावी. खो-खो संपला, श्वास अजून जागेवर आलेला नाही, अशाच वेळी गुरुजी व्हरांड्यात आम्हाला रांगेत बसवत, प्रत्येकीच्या हातात निवळीची बाटली आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ देत. ‘‘फुंकायचं. ओढायचं नाही हां, बाळांनो.’’

आम्ही फुंकायचो. देठाचा हिरवा, कडवट वास ओठांना लागायचा, बाटलीत बुडबुडे गुडगुडायचे. आधी काहीच नाही. मग मधोमध एक धूसर दोरा हलल्यासारखा व्हायचा, तो पसरायचा, आणि बघता बघता सगळं पाणी दुधाळ. आपण आत घेतो त्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा हजारांत जेमतेम 4 भाग. बाहेर सोडतो तिच्यात शंभरात सुमारे 4. हे आकडे मी फार नंतर वाचले. तेव्हा दिसला होता फक्त माझा श्वास, आणि थोड्या वेळाने बाटलीच्या तळाशी बसलेली त्याची पांढरी साय. तीच चुनखडी, गुरुजी म्हणाले. अजून ऊर धपापत होता. आपल्या आत काय चाललंय ते पहिल्यांदाच बाहेर, उजेडात दिसत होतं. केवढं नवल ते!

ही वाट काही आमच्या एकट्या गुरुजींची नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं, पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या खेड्यांत 1972पासून मुलं प्रयोग करत विज्ञान शिकू लागली. अरविंद गुप्ता तिथूनच काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन निघाले आणि पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांमध्ये रमले. या सगळ्यांनी मुलाच्या हातांवर विश्वास टाकला. हात, पाय, श्वास यांतून जे आत जातं ते राहतं. माझ्या बाबतीत तरी ते राहिलं आहे, पाठ केलेलं बरंच काही ओघळून गेल्यावरही.

म्हणून जीव तुटतो तो परीक्षा जवळ आली की. पहिला जातो खेळाचा तास, मग प्रयोगाचा, आणि त्या जागी उजळणी येते. तुम्ही शिक्षक असाल, आईवडील असाल, शाळेच्या समितीवर असाल, तर एवढंच मागणं आहे: हे दोन तास वेळापत्रकात शेजारी शेजारी ठेवा, आणि मार्च आला म्हणून ते कुणाला देऊ नका. चुना, सुतळी, एक लोहचुंबक आणि पपईचा देठ एवढ्यात भागतं. मुलांचा श्वास त्यांच्यापाशी असतोच.