नोंदवहीतली माणसे आणि मुलांची पुस्तके

न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत पाच वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी चित्रांचे पुस्तक चाळत होती. तिने विचारले, की यात नेहमी गोरीच मुले का असतात? नॅन्सी लॅरिक या गोऱ्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली आपल्या गाजलेल्या लेखाची सुरुवात याच प्रश्नाने केली. पण नुसती हळहळ व्यक्त करून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी मोजदाद केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी मुलांसाठी ५,२०६ पुस्तके काढली होती. त्यांपैकी ज्यांत एक तरी कृष्णवर्णीय माणूस दिसतो अशी ३४९ निघाली. म्हणजे शेकडा ६.७. त्यातलीही निम्म्याहून अधिक परदेशातली किंवा जुन्या काळातली. त्या वेळच्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गोष्ट सांगणारी पुस्तके शेकडा एकही भरत नव्हती.

मी पेशाने कारकून. रजिस्टर, रकाने आणि शेरे यांतच माझी नोकरी गेली. त्यामुळे हा हिशेब मला लगेच समजला. ज्याची नोंद नाही, तो कागदोपत्री नसतोच. आणि नोंद झाली, तरी ती कोणाच्या हातची आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते.

त्या काळी अमेरिकेत बालसाहित्याची दोन मोठी पदके होती. लेखनासाठी न्यूबेरी, हे १९२२ पासूनचे. चित्रांसाठी कॅल्डेकॉट, हे १९३८ पासूनचे. १९६९ सालापर्यंत यांपैकी एकही पदक कृष्णवर्णीय लेखकाला वा चित्रकाराला मिळाले नव्हते. त्या वर्षी अटलांटिक सिटी येथे ग्रंथपालांचे अधिवेशन भरले होते. तेथे मेबल मॅकिसिक आणि ग्लिंडन ग्रीअर या दोन ग्रंथपाल भगिनींचे याच विषयावर बोलणे चालले होते. जॉन कॅरोल या प्रकाशकाने ते ऐकले आणि म्हटले, मग तुम्हीच पारितोषिक का सुरू करत नाही? मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला तेव्हा वर्षच उलटले होते. त्यांच्या पत्नीच्या नावाने ‘कोरेटा स्कॉट किंग पारितोषिक’ सुरू झाले. पहिले पारितोषिक १९७० साली लिली पॅटरसन यांना मिळाले, तेही डॉ. किंग यांच्या मुलांसाठी लिहिलेल्या चरित्राला. १९७४ पासून चित्रकारांचाही मान सुरू झाला. हे पारितोषिक आजही दरवर्षी दिले जाते.

ऑफिसातल्या एका मित्राला हे सांगितले, तर तो म्हणाला, “म्हणजे तिथेही राखीव जागा! गुणवत्ता असेल तर वेगळे पारितोषिक कशाला?” वाचक हो, हा प्रश्न आपण किती वेळा ऐकला आहे! मी त्याला तारखाच दाखवल्या. १९७५ साली व्हर्जिनिया हॅमिल्टन यांना न्यूबेरी पदक मिळाले. १९७६ साली लिओ डिलन यांना पत्नी डायेन यांच्यासह कॅल्डेकॉट मिळाले. त्या त्या पदकाचे हे पहिले कृष्णवर्णीय मानकरी. मग त्याआधीची सारी वर्षे गुणवत्ता कुठे गेली होती? ती होतीच. तिच्याकडे पाहणारे डोळे नव्हते.

ॲशली ब्रायन यांचेच पाहा. कोवळ्या वयात ते चित्रकलेची शिष्यवृत्ती मागायला गेले. तुझे काम उत्तम आहे, पण काळ्या मुलावर शिष्यवृत्ती वाया जाईल, असे एका संस्थेने तोंडावर सांगितले. मग ते न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या संस्थेच्या परीक्षेला बसले. तिथे माणसाचा चेहरा न पाहता फक्त काम तपासत. ब्रायन निवडले गेले.

याच ब्रायन यांचे ‘फ्रीडम ओव्हर मी’ हे पुस्तक २०१६ साली आले. वयाच्या नव्वदीनंतर त्यांनी ते केले. १८२८ सालचा एका मळ्याच्या मालमत्तेच्या मूल्यांकनाचा कागद त्यांच्या हाती आला होता. त्यात गाई, डुकरे, कापूस, आणि त्याच यादीत अकरा गुलाम. माणसाचे नाव आणि पुढे किंमत. आमच्या डेडस्टॉक रजिस्टरात खुर्च्या-टेबलांची नोंद असते, अगदी तशी. ब्रायन यांनी त्या अकरा जणांना चेहरे दिले, वये दिली, हातातले कसब दिले आणि मनातली स्वप्ने दिली. कागदावर जे नव्हते, ते त्यांनी कल्पनेने भरून काढले. मुलांच्या पुस्तकात हे काम झाले, याचे मला फार मोल वाटते.

दुसरे पुस्तक मिल्ड्रेड टेलर यांचे, ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’. याला १९७७ साली न्यूबेरी मिळाले. गोष्ट १९३३ सालच्या मिसिसिपीतली. सहा वर्षांचा ‘लिटल मॅन’ नटूनथटून पहिल्यांदा शाळेत जातो. त्याला पुस्तक मिळते, पण फाटके आणि मळके. आत एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात पुस्तक कधी दिले, कोणत्या स्थितीत दिले, कोणत्या वंशाच्या मुलाला दिले असे रकाने. अकरा वर्षे ते गोऱ्या मुलांनी वापरले. स्थिती ‘अत्यंत खराब’ झाल्यावर बाराव्या ओळीत काळ्या मुलाची पाळी येते, आणि वंशाच्या रकान्यात त्याच्यासाठी हिणकस शब्द. लिटल मॅन पुस्तक जमिनीवर आपटतो आणि पायाने तुडवतो. त्याला मार बसतो. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका. ती काय करते? शांतपणे त्या तक्त्यावर कोरा कागद चिकटवते.

आमच्या वस्तीतल्या रविवारच्या वर्गात मी ही गोष्ट मराठीत सांगितली. पुस्तक तुडवणे वाईट, हे आमच्या मुलांना शिकवलेले आहे. तरी त्याने ते का तुडवले, हे एकाही मुलाला समजावून सांगावे लागले नाही.

हे सारे एकाएकी उगवले नाही. १९२० साली डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस या थोर कृष्णवर्णीय विचारवंतांनी आपल्या मुलांसाठी ‘द ब्राउनीज बुक’ हे मासिक काढले. ते दोनच वर्षे चालले, पण पुढे महाकवी झालेल्या लँग्स्टन ह्यूज यांचे आरंभीचे लेखन त्यात छापून आले. याच ड्यु बॉईस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत बाबासाहेबांना हवी होती, आणि ड्यु बॉईस यांनी आस्थेने उत्तरही दिले. हक्कांची लढाई लढणारा हा माणूस मुलांच्या मासिकासाठीही वेळ काढत होता, हे आपण ध्यानात ठेवावे.

लढाई संपली असेही नाही. २०१४ साली लेखक वॉल्टर डीन मायर्स यांनी पुन्हा आकडा मांडला. आदल्या वर्षीच्या सुमारे ३,२०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीयांविषयीची फक्त ९३. पन्नास वर्षांनी पुन्हा तीच मोजदाद!

म्हणून पालक बंधू-भगिनींनो, मुलांना पुस्तक घेऊन देताना किमतीच्या आधी आतली पाने पाहा. त्यात आपल्यासारखे घर आहे का, आपल्यासारखी आई आहे का? असेल तर ती कोणाच्या नजरेने रंगवली आहे? नसेल, तर आजीला बोलते करा आणि मुलांच्या हाती वही द्या. त्या वहीत वंशाचा वा जातीचा रकाना आखू नका. आजीचे नाव, गाव आणि तिने केलेले काम मुलांनाच लिहू द्या.