लहान गिअरची लाज

महाडहून पाचाडकडे येताना कोंझरच्या घाटात शेवटाकडे एक वळण लागतं. 2016 च्या दिवाळीच्या सुट्टीत त्या वळणावर मी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीवर ओरडलो. ती सायकलवरून उतरली होती आणि हँडल धरून सायकल ढकलत होती. "घाटात उतरायचं नाही. पाय टेकला की चढ वाया गेला," असं म्हणून मी पुढे निघून गेलो आणि वर सपाटीला जाऊन तिची वाट बघत उभा राहिलो. बऱ्याच वेळानं ती आली. चेहरा लाल झाला होता, पण एक शब्द बोलली नाही. हिरकणीवाडीतल्या घरी पोचल्यावर तिनं सायकल पडवीत टेकवली आणि पुढे कित्येक वर्षं तिला हात लावला नाही.

सायकल चालवणाऱ्या माणसांच्या मनात "हे आधी कळलं असतं तर" अशा गोष्टींची यादी असते. सीट वर घ्यायला हवी होती, टायर रुंद घ्यायला हवे होते, भूक लागायच्या आधी खायला हवं होतं. माझीही तशी यादी आहे आणि ती मी सांगणार आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी माझी एकच समजूत होती, आणि ती चुकीची होती. लहान गिअर म्हणजे कमजोरी, आणि सायकलवरून उतरणं म्हणजे हार, असं मी मानत होतो.

ही समजूत आमच्या घरातली नव्हती, हे आधी सांगायला हवं. मी रायगडाच्या पायथ्याचा, हिरकणीवाडीचा. नोकरी महाडच्या एमआयडीसीत, बिऱ्हाड महाडात, आणि सुट्टीच्या दिवशी पंचवीसेक किलोमीटर सायकल मारून वाडीला घरी. वडिलांकडे काळी, दणकट, बिनगिअरची सायकल होती. पुढे 44 दाते, मागे 18. पायडलचा एक फेरा मारला की सायकल साडेपाच मीटरच्या जवळपास पुढे जायची. सपाटीला हे छान, पण घाटात तांदळाचं पोतं कॅरियरला बांधलेलं असताना कोण एवढं रेटणार? वडील चढ लागला की उतरायचे. सायकलच्या डाव्या अंगानं, एक हात हँडलवर आणि एक पोत्यावर ठेवून, गप्पा मारत चालायचे. सपाटी आली की परत बसायचे. त्यात कमीपणा वाटावा असं काही असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तो कमीपणा मी बाहेरून आणला. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. 2017 मध्ये नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. त्या काळात माझ्यासारख्या कितीतरी मध्यमवयीन माणसांनी सायकली घेतल्या. मीही घेतली. मला त्या बातम्यांत फक्त जिद्द दिसली. महाजन बंधू आळीपाळीनं सायकल चालवत होते, एक पायडल मारत असताना दुसरा झोपत होता, खात होता, पाय सैल करत होता, हेही त्याच बातम्यांत होतं. त्यांच्या पराक्रमाचा अर्धा भाग विश्रांतीचा होता. तो अर्धा भाग मी सोडून दिला.

सायकल घेताना दुकानातला मेकॅनिक म्हणाला होता, "तुम्ही घाटातले. मागे 34 दातांचं चक्र बसवून घ्या." मी नको म्हणालो. ते वय झालेल्यांसाठी, असं मला वाटलं. मी मागे 28 दातांचंच मोठ्यात मोठं चक्र ठेवलं, पुढचं लहान चक्र 34 चं. वर त्यातलाही सगळ्यात हलका गिअर मी शक्यतो लावायचोच नाही, तो शिल्लक आहे यातच समाधान मानायचो. मुलीला मात्र तिच्या मावसभावाची जुनी सायकल दिली. तिच्या उंचीला मोठी, वजनाला जड, गिअर नसलेली. तिचे पाय बळकट होतील, अशी माझी कल्पना. आज ही वाक्यं लिहिताना मला वाईट वाटतं. स्वतःसाठी सात किलोमीटरच्या चढाला पुरतील एवढे गिअर घेतले, आणि मुलीला एकही दिला नाही. आणि उतरायचं नाही, हा नियमही तिलाच सांगितला.

2019 च्या हिवाळ्यात मी पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला निघालो. अंतर चाळीसेक किलोमीटर, आणि महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरहून अधिक उंच. हा चढ तीव्र नाही, पण संपत नाही. मी जड गिअरवर, मिनिटाला चाळीसेक फेरे मारत, सीटवरून उठून अंगाचं वजन पायडलवर टाकत चढत राहिलो. प्रतापगडाचा फाटा यायच्या आधीच उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली सुई टोचल्यासारखं झालं. मी थांबलो नाही. वर पोचलो, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना.

फिजिओथेरपिस्टनं सायकलही बघायला मागवली. तिनं मला सायकलवर बसवलं, पायडल सगळ्यात खाली आणून टाच त्यावर ठेवायला सांगितली. टाच टेकल्यावर गुडघा सरळ व्हायला हवा, माझा चांगलाच वाकलेला राहिला. सीट तीन सेंटीमीटर खाली होती, आणि मी ती मुद्दाम खाली ठेवली होती, पाय पटकन टेकता यावेत म्हणून. मग तिनं गिअर बघितले. ती म्हणाली, "गुडघा जास्त वाकलेला असताना तुम्ही त्यावर जोर टाकताय. प्रत्येक फेऱ्याला वाटी मांडीच्या हाडावर घासली जाते. चाळीस किलोमीटरच्या घाटात असे किती हजार फेरे झाले असतील?" तीन महिने सायकल बंद.

त्या तीन महिन्यांत मी सुट्टीला वाडीला जाऊन ओट्यावर बसायचो. समोर रोपवे. 1996 पासून तो इथून गडावर जातो, माणसं काही मिनिटांत वर पोचतात. तरी शनिवार-रविवारी पायऱ्यांनी चढणारे कमी नसतात. आणि आमच्या वाडीतली माणसं त्या पायऱ्यांवर रोजच असतात. कुणी ताक घेऊन, कुणी काकड्या आणि लिंबू-सरबताचं सामान घेऊन, कुणी डोलीत म्हाताऱ्या माणसाला खांद्यावर घेऊन. गुडघा जरा बरा झाल्यावर मी काकीबरोबर गड चढून बघायचं ठरवलं. काकी साठीच्या पुढची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ताकाचा हंडा.

चित् दरवाजापासून वर चौदाशेहून जास्त पायऱ्या आहेत. शहरातून आलेली पोरं आम्हाला मागे टाकून धावत गेली. काकीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. मी तिचे पाय बघत होतो. उंच पायरी आली की ती एका दमात चढत नसे. कडेच्या दगडावर, मधल्या खोबणीत, जिथे अर्ध्या उंचीला पाय मावेल तिथे पाऊल ठेवायची, आणि दोन लहान पावलांत ती पायरी घ्यायची. हंड्यातलं ताक हलत नव्हतं. श्वास नाकानं चालला होता. महादरवाजाच्या अलीकडे ती धावत गेलेली पोरं कठड्यावर बसून धापा टाकत होती, आणि काकी त्यांच्या पुढून निघून गेली.

मी विचारलं, "काकी, दमत नाहीस?"

ती म्हणाली, "दमाच्या आधीच पाऊल लहान करायचं बाबा. मग थांबावं लागत नाही."

माझी समजूत त्या पायरीवर बदलली. काकी गड लहान गिअरवर चढत होती. पायथ्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तशीच चढत आली आहेत. चढ तेवढाच, ओझं तेवढंच, म्हणजे एकूण काम तेवढंच. ते थोड्या मोठ्या धक्क्यांत करायचं की पुष्कळ छोट्या धक्क्यांत, एवढंच आपल्या हातात असतं. मोठा धक्का गुडघा देतो. छोटे धक्के श्वास आणि काळीज वाटून घेतात, आणि ते रात्रभरात भरून निघतं. गुडघ्याचं तसं नसतं.

पुढे वाचत गेल्यावर कळलं की हा वाद सायकलीइतकाच जुना आहे. 1902 साली फ्रान्समध्ये डोंगरी रस्त्यांवर सायकलींची चाचणी झाली. तिच्यात मार्त एस नावाची एक स्त्री तीन गिअरच्या सायकलवर होती, आणि एदुआर फिशर हा नावाजलेला शर्यतपटू बिनगिअरच्या. एस त्याच्या पुढे गेली. तरीही टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजचं मत बदललं नाही. गिअर हे वय झालेल्यांसाठी, खरा स्वार स्नायूंच्या बळावर जिंकतो, असं तो मानत राहिला. त्याच्या शर्यतीत सगळ्यांना गिअर बदलायची यंत्रणा वापरायची मोकळीक मिळायला 1937 उजाडावं लागलं. मेकॅनिकला मी जे उत्तर दिलं, ते शंभर वर्षांपूर्वीच चुकीचं ठरलेलं होतं. आज त्याच शर्यतीत जगातले सगळ्यात ताकदवान स्वार आल्प्समध्ये मागे 34 दातांचं चक्र लावून चढतात.

मी काय बदललं, ते सांगतो. मागे 34 दातांचं चक्र बसवलं. आता पुढे 34 आणि मागे 34, म्हणजे पायडलचा एक फेरा आणि चाकाचा एक फेरा. सायकल एका फेऱ्यात दोन मीटरच्या जरा वर जाते. घाट सुरू व्हायच्या आधीच, पाय ताजे असताना, मी गिअर हलका करतो. मिनिटाला सत्तरच्या आसपास फेरे राहतील असं बघतो. सीट टाचेच्या मापानं वर घेतली. 25 मिलिमीटरचे, दगडासारखे फुगवलेले टायर काढून सायकलीत मावतील तेवढे रुंद, 28 चे टाकले आणि हवा 110 पीएसआयवरून 80 वर आणली. पावसाळा संपल्यावर आमच्या रस्त्यांवर जी खडी वर येते, तिच्यावर कडक टायर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत पुढे जायचा जोर वाया जातो. मऊ टायर खडीवरून वाहत जातो. उपाशीपोटी निघणं बंद केलं. अंगात साठवलेली साखर जोराच्या चढावर दीड-दोन तासांत आटते, मग केळं खाऊनही लगेच भागत नाही. आता पाऊण तासाला शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं, भूक नसली तरी.

यातलं काही महाग नव्हतं. चक्र आणि लांब साखळी मिळून एका महिन्याच्या पेट्रोलचा खर्च. सीट वर घ्यायला एक पाना लागतो. पैसा नव्हे, अभिमान आड आला होता. तो आधी सोडला असता तर माझा गुडघा आज पाऊस यायच्या आधी दुखला नसता. पण तेवढं सोसता येतं. मुलीची सायकल पडवीत गंजली, ते सोसत नाही.

आमच्या वाडीचं नाव ज्या बाईवरून पडलं, तिची गोष्ट इथल्या प्रत्येक पोरानं ऐकलेली असते. दूध घालायला गडावर गेलेली हिरकणी, सूर्य मावळल्यावर बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं मूल, आणि अंधारात कड्यावरून ती खाली आली ते. त्या जागी महाराजांनी बुरूज बांधला अशी आख्यायिका आहे. ही गोष्ट मी मुलीला लहानपणी शंभर वेळा सांगितली असेल. पण जिचं नाव आम्ही लावतो ती बाई आपल्या लेकरासाठी उतरली, आणि मी माझ्या लेकराला उतरल्याबद्दल बोललो आणि तिला मागे सोडून वर चढलो, हे माझ्या ध्यानात यायला इतकी वर्षं लागली.

गेल्या हिवाळ्यात ती पुण्याहून आली होती. मी तिला 2016 च्या त्या वळणाबद्दल विचारलं आणि माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, उतरल्याचं मला काही वाटलं नव्हतं. तुम्ही थांबला नाहीत, त्याचं वाटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी सायकल तिच्या मापाला सीट खाली करून दिली, आणि मी शेजाऱ्याची घेतली. घाटात ती पहिल्या गिअरवर हळूहळू चढत होती, तोंडानं बोलता येईल इतक्या दमानं. त्या वळणावर तिनं ब्रेक दाबला आणि उतरली. दमली नव्हती, तिला खालची भातखाचरं बघायची होती. मीही उतरलो. मग पुढचा चढ आम्ही चालतच गेलो, सायकलच्या डाव्या अंगानं, एक हात हँडलवर ठेवून.