उन्हाचं भाडं

उन्हाशी वागायची आमच्या घरची रीत एकच होती. सोलं, मिरच्या आणि कपडे उन्हात, माणसं सावलीत. त्यामुळे गोव्यात, हरमलला, आमच्या घरामागची खोली एका इंग्रज बाईंनी निव्वळ उन्हासाठी भाड्यानं घेतली, तेव्हा मला ती श्रीमंतांची थेरं वाटली. दहा वर्षांच्या मुलीला दुसरं काय वाटणार! त्या श्रीमंत नव्हत्या हे मला फार उशिरा उमगलं. तोवर माझं आयुष्य त्यांनी मार्गाला लावून दिलं होतं.

यॉर्कशायरमधल्या एका सरकारी इस्पितळात त्यांनी परिचारिका म्हणून नोकरी केली होती. गावानं त्यांना नर्सबाई करून टाकलं. 2003 मध्ये त्या पहिल्यांदा राहायला आल्या. तेव्हा तिकडे बायकांना साठाव्या वर्षी सरकारी पेन्शन सुरू व्हायचं. नोव्हेंबरात चार्टर विमानानं दाबोळीला उतरायच्या, एप्रिलचा उकाडा सुरू झाला की परत.

इतकं आवडतं तर कायमच्याच का राहत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पर्यटक व्हिसावर सलग 180 दिवसांच्या वर राहता येत नाही, ही अडचण होतीच. खरी मेख पेन्शनची. ब्रिटनचा निवृत्त माणूस भारतात स्थायिक झाला की त्याचं सरकारी पेन्शन आहे त्या रकमेवर गोठतं, दरसालची वाढ मिळत नाही. तोच माणूस अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये राहिला तर मिळते! शिवाय तिकडचं फुकट औषधपाणी तिकडे राहणाऱ्यांनाच. म्हणून अर्धं वर्ष इकडे, अर्धं तिकडे. आसपासच्या काही परदेशी लोकांनी नियमांतून वाट काढून घरं विकत घेतली होती, त्यांतल्या काहींना पुढे अंमलबजावणी संचालनालयाच्या नोटिसा आल्या. नर्सबाई त्या फंदात पडल्या नाहीत. कौलं गळली तर घरमालकिणीला, म्हणजे माझ्या आईला, माईला, हाक मारता येते, हे सुख त्या सोडायला तयार नव्हत्या.

स्वस्ताई म्हणजे काय, हेही त्यांच्याकडूनच कळलं. तिकडे हिवाळ्यात त्या एकच खोली गरम ठेवायच्या आणि उरलेल्या घरात कोट घालून वावरायच्या. हरमलला मात्र पदेराकडून पाव, बाजारातून बांगडे, म्हापशाला जायला टॅक्सी, सगळं हात आखडता न घेता. महिनाअखेरीची धास्ती नाही, एवढीच त्यांची चैन. पण ही स्वस्ताई आमच्या कमी मजुरीवर उभी आहे, याचा त्यांना विसर पडत नसे. मासळीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारे पाहुणे आम्ही रोज बघायचो. नर्सबाई सीझनच्या पहिल्याच दिवशी माईला समोर बसवून भाड्याचा आकडा विचारायच्या. माई लाजून कमी सांगायची. त्या दुसरा आकडा सांगायला लावायच्या, आणि तो मिळेपर्यंत चहाला हात लावायच्या नाहीत.

2009 सरताना भारत सरकारनं नियम काढला की पर्यटक व्हिसावर देशाबाहेर गेलेल्यानं दोन महिने परत यायचं नाही. नर्सबाई जानेवारीत मैत्रिणीबरोबर श्रीलंकेला जाणार होत्या. गेल्या असत्या तर तिकडेच अडकल्या असत्या, म्हणून बेत रद्द झाला. त्या चिडून सोप्यावर बसल्या होत्या, त्याच आठवड्यात आजी न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुढे तो नियम 2012 च्या अखेरीस बहुतेक देशांच्या लोकांसाठी उठला. मी मात्र आजही त्याचे आभार मानते.

आजी अंथरुणाला खिळली. दर दोन तासांनी तिला कुशीवर कसं वळवायचं, पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी कशी ठेवायची, चादरीला चुणी का राहू द्यायची नाही, हे नर्सबाईंनी माझ्याकडून करून घेतलं. लाल झालेल्या कातडीवर बोट दाबायचं. दाबल्यावर रंग फिका पडला तर ठीक, नाही पडला तर जखम आतून सुरू झाली. वहीत वेळा लिहायला लावल्या. एका रात्री मला झोप लागली आणि एक वेळ चुकली, तर रागावल्या नाहीत, फक्त ती जागा वहीत कोरी ठेवायला सांगितली. खोटी वेळ भरायची नाही. आज वॉर्डात मी तक्ता भरते तो याच शिस्तीनं. आजी पुढे वर्षभर जगली, पाठीला जखम झाली नाही.

मी नर्सिंग घेते म्हटल्यावर काकांनी विचारलं, लोकांची घाण काढायला शिकायचंय का? त्यांच्यापुढे बोलायची माझी छाती नव्हती. नर्सबाईंनी मोडक्यातोडक्या कोकणीत सांगितलं की त्यांनी आयुष्यभर तेच केलं आणि त्याच पैशावर त्या काकांच्या गावात भाडं भरतात. मी बांबोळीला शिकले. पुढे परदेशच्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, तेव्हा माझे निबंध त्या ईमेलवर तपासायच्या, एकही चूक न सोडता.

2019 मध्ये मी लीड्सला आले. डिसेंबरात इथं पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळच्या पाळीला अंधारात निघायचं, अंधारातच परतायचं. हिवाळ्यात रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या, असा इथल्या सरकारचाच सल्ला आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत वाहनतळाच्या भिंतीवर थोडं ऊन पडलेलं दिसलं आणि सावलीत वाढलेली मी डबा घेऊन त्या भिंतीला टेकून उभी राहिले. शेजारी दोन पेशंटही तेवढ्यासाठीच आले होते. नर्सबाईंना आम्ही लहानपणी किती हसलो होतो!

त्यांचं येणं मात्र थांबलं. मी आले त्याच वर्षी सप्टेंबरात चार्टर विमानं पाठवणारी थॉमस कुक ही कंपनी बुडाली, मग कोविड. 2022 मध्ये ब्रिटिशांसाठी ई-व्हिसा डिसेंबरापर्यंत बंदच होता. तोवर त्यांचे गुडघे गेले होते. सुट्टीच्या दिवशी मी आगगाडीनं त्यांच्याकडे जाते, पाय चोळून देते. गेल्या खेपेला त्यांनी खोलीचं विचारलं. त्यात आता दिल्लीचं एक लॅपटॉपवालं जोडपं राहतं, आणि भाडं अजून 2019 चंच आहे, असं सांगितल्यावर त्या भडकल्या. माईला लगेच फोन लावायला लावला. माईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘त्यांना म्हणावं, येऊन आकडा ठरवा. चहा ठेवते.’