कानस उचलण्यापूर्वी

रत्नागिरी जिल्ह्यात बंदूक म्हटली म्हणजे प्रथम स्मरते ती शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक. खाचरातले भात पोटरीला आले आणि रानडुकरांची धाड पडू लागली की भिंतीवरून खाली उतरणारी, लांब नळीची, राकट, आणि एक बार उडवला की आपले कर्तव्य संपले असे मानणारी. तिच्या सहवासात लक्ष्यवेधाचे जुने पिस्तूल या भूमीत अगदीच परके वाटावे, इतकी त्याची प्रकृती निराळी आणि नाजूक असते.

तथापि त्याचे आपल्या जिल्ह्याशी असलेले नाते दिसते त्याहून जवळचे आहे. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे, आणि ज्यांच्या आरंभीच्या शिक्षणाचा काही काळ राजापुरास गेला, ते दादासाहेब मावळंकर लोकसभेचे पहिले सभापती झाले हे सर्वश्रुत आहे. परंतु १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे संस्थापक अध्यक्षही तेच होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर निघालेले नेमबाज आजही त्यांच्याच नावाच्या स्पर्धेत आपले कसब पणाला लावतात, ही गोष्ट मात्र त्यांच्या पूर्वजांच्या जिल्ह्यातही थोड्यांस ठाऊक असेल. उभय पक्षांचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निर्णय द्यावयाचा नाही, हा ज्यांच्या पदाचा धर्म, त्यांनीच या खेळाच्या संस्थेचे पहिले अध्यक्षपद भूषवावे, हा मला मोठा अर्थपूर्ण योग वाटतो. कारण अडखळणाऱ्या जुन्या पिस्तुलापुढे बसलेल्या माणसाला सर्वांत अधिक निकड असते ती याच धर्माची.

हे पिस्तूल ज्या काडतुसावर जगते ते पॉइंट टू टू बोअरचे रिमफायर काडतूस १८८७ सालापासून आजतागायत जवळजवळ त्याच रूपात चालत आले आहे. त्याचे स्फोटक रसायन बुडाच्या मध्यभागी नसून बुडाभोवतीच्या पोकळ कडेत असते, आणि फायरिंग पिनने ती कड चेचली म्हणजेच बार उडतो. ही कड हेच त्याचे सामर्थ्य आणि हाच त्याचा उपद्रव. पावणेसहा मिलिमीटर जाडीच्या पितळी अंगाला सुमारे सात मिलिमीटरची कड लाभल्यामुळे ही काडतुसे मॅगझीनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, एकमेकांवर सरळ बसत नाहीत. कौलारू छपरावर वरचे कौल खालच्या कौलावर ठराविक बाजूनेच चढावे लागते, तशी प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढेच असावी लागते. ती चुकून मागे राहिली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग, वरच्या काडतुसाला पुढे ढकलू लागताच ते खालच्यात गुंतते, आणि सारा प्रवाह तेथेच कुंठित होतो. शिवाय गोळी पडली जेमतेम २.६ ग्रॅमची, मऊ शिशाची, बाहेरून मेण वा ग्रीस लावलेली. तिच्या बारातून जो अल्पसा रेटा मागे येतो तेवढ्यावर स्लाइडने मागे जायचे, रिकामे पितळ बाहेर फेकायचे, पुनश्च पुढे येऊन नवे काडतूस उचलायचे आणि नळीच्या मागच्या तोंडाशी नेऊन बसवायचे. इतक्या थोड्या शक्तीवर इतकी कामे सोपवलेली असता कोठेही किंचित घर्षण वाढले तरी हिशेब चुकतो.

हा हिशेब चुकला तर काय होते, हे आंबा घाट चढून पलीकडे गेले की लागणाऱ्या कोल्हापूर नगरीतील लोकांस विशेष ठाऊक असावे. कारण त्याच नगरीच्या राही सरनोबत यांनी याच काडतुसाच्या पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात २०१३ साली चांगवोन येथे विश्वचषक स्पर्धेचे आणि २०१८ साली आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. या प्रकाराच्या जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसते आणि सात सेकंद लपते. असे पाच वेळा. दर तीन सेकंदांत हात खालून वर उचलून एकच गोळी झाडावयाची असते, आणि पुढले काडतूस आपसूक जागेवर आले असेल ही श्रद्धा नेमबाजाच्या मनात इतकी निःशंक असावी लागते की तिची जाणीवही होऊ नये. ते आले नाही, तर नियम सांगतो की पिस्तूल लक्ष्याच्या दिशेलाच धरून ठेवावे, दुसरा हात वर करावा, आणि पंच येईपर्यंत कशालाही स्पर्श करू नये. दोष शस्त्राचा ठरला तर संधी पुन्हा मिळते. काडतूस भरावयासच नेमबाज विसरला असेल तर मिळत नाही. स्पर्धेच्या ऐन धामधुमीतही खेळाने आधी तपासणी आणि मग निर्णय हा क्रम सोडलेला नाही. मग घरी, निवांत बसून, आपण तो का सोडावा?

घरी बसल्यावर तपासाचा पहिला हुकूम सुरक्षिततेचा. मॅगझीन बाहेर काढावे, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतील काडतुसाचे घर, रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करावी, नळीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवावे, आणि कामाच्या टेबलावर एकही काडतूस राहू देऊ नये. त्यानंतर प्रत्येक मॅगझीनवर क्रमांक घालावा. हे काम क्षुल्लक दिसते, परंतु पुढील सर्व चौकशीचा पाया तेच आहे. कारण ज्याचे नाव दप्तरी नाही त्याच्यावर आरोप ठेवता येत नाही. मग चांदमारीच्या मैदानावर प्रत्येक अडथळ्याची नोंद करावी: कोणते मॅगझीन, कितवे काडतूस, कोणत्या बनावटीचा दारूगोळा, आणि अडकलेल्या काडतुसाचे नाक कोणीकडे. एकाच क्रमांकाचे मॅगझीन पुन्हा पुन्हा अडत असेल तर गुन्हा त्याच्या अंगी. सगळीच अडत असतील तर पिस्तुलाकडे वळावे. आणि काडतुसांची बनावट बदलताच तक्रार मिटली तर दोघेही निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे या तपासाचे कलम मोडता कामा नये.

अडकलेले काडतूस स्वतःच उत्तम साक्षीदार असते. त्याचे नाक खाली रुतून त्यावर चपटा ओरखडा उमटला असेल, तर मॅगझीनची स्प्रिंग थकली आहे, अथवा मॅगझीन अडकवणारी खाच झिजून ते किंचित खाली बसते आहे, अशी शंका घ्यावी. नाक वर उभे राहून नळीच्या माथ्यावर आपटले असेल, तर मॅगझीनच्या मुखाशी वळवलेल्या पत्र्याच्या दोन कडा फाकल्या आहेत आणि काडतूस वेळेपूर्वीच सुटते आहे. स्लाइड काडतुसाच्या डोक्यावरून रिकामीच निघून गेली, तर काडतूस वेळेवर वर चढले नाही. आत मळी साचली आहे किंवा स्प्रिंगची ताकद सरली आहे. शेवटचेच काडतूस दरवेळी अडत असेल तर स्प्रिंगविषयीचा संशय अधिकच बळावतो, कारण ती पूर्ण पसरलेली असते तेव्हाच तिचा जोर सर्वांत कमी असतो.

या साऱ्यांत आपल्या किनाऱ्याच्या हवेची जबानी घेणे अगत्याचे आहे. मृगापासून हस्तापर्यंत ज्या प्रदेशात जांभ्याच्या भिंतींनाही ओल सुटते, आणि उरलेल्या महिन्यांत समुद्राची खारी हवा उंबऱ्याच्या आत येते, तेथे मॅगझीनच्या आतील पातळ पत्र्यावर नजरेस न पडणारा तांबूस थर धरण्यास अवधी लागत नाही. आणि त्या खरखरीत थरावरून सरकताना स्प्रिंगचा बराच जोर वाया जातो. चामड्याच्या म्यानात पिस्तूल दीर्घकाळ ठेवणे येथे विशेष घातक, कारण चामडे ओल धरून राहते आणि ती पोलादाला देते. आपल्या घरी बिजागरीपासून कुलपापर्यंत सर्वत्र चालणारे खोबरेलही येथे वर्ज्य समजावे. थंडीच्या पहाटे ते थिजते, आणि जुने झाले की चिकट होऊन शिसे, मेण आणि दारूची काजळी धरून ठेवते. मॅगझीन उघडून कोरड्या फडक्याने व ब्रशाने स्वच्छ पुसावे, तेलाचा हात फार तर पुसट फिरवून तोही पुसून घ्यावा, आणि पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या शेजारी ठेवाव्यात. पुष्कळशा फिर्यादी एवढ्यानेच निकालात निघतात.

जुन्या रिमफायर पिस्तुलांचा आणखी एक छुपा रोग आहे. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून केलेल्या सरावात फायरिंग पिन काडतुसाच्या अभावी कित्येकदा थेट चेंबरच्या काठावर आदळते; वर्षानुवर्षे असे आघात होऊन तेथे धातूचा सूक्ष्म उंचवटा तयार होतो, आणि मग निर्दोष मॅगझीनमधून नीट चढलेले काडतूसही दाराशी अडते. पहिल्या मालकाने केलेल्या सरावाची शिक्षा तिसऱ्या मालकाचे मॅगझीन भोगते. येथेच अधीर माणूस पक्कड घेऊन मॅगझीनच्या कडा वाकवू लागतो, स्प्रिंग ताणतो, नळीच्या मागच्या तोंडाशी उतार घासू लागतो. आणि पूर्वी एक दोष होता तेथे तीन दोष निर्माण करून ठेवतो. ताणलेली स्प्रिंग थोडे दिवस जोर दाखवते आणि पुन्हा बसते. ती बदलावयाचीच असते. कडांतील अंतर उत्तम चालणाऱ्या मॅगझीनशी कॅलिपरने ताडून पाहावे, आणि तफावत सिद्ध झाली तर परवानाधारक कारागिराच्या स्वाधीन करावे. शस्त्राची दुरुस्ती त्यानेच करावी असा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचा दंडकही आहे. जोडलेला धातू परत काढता येतो. घासलेला धातू परत येत नाही. म्हणून दोष शाबीत होईपर्यंत कानस उचलू नये, हे मी या विद्येतील सर्वश्रेष्ठ वचन मानतो.

हा आग्रह केवळ कारागिरीच्या शुचितेसाठी नाही. परदेशी पिस्तुलांची आयात आपल्याकडे सामान्य परवानाधारकास खुली नाही. ती सवलत मुख्यतः नामांकित नेमबाजांपुरती आहे. त्यामुळे जुनी पिस्तुले एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर जातात, आणि त्यांची मूळ मॅगझीने तर दुर्मिळच. आपण बिघडवलेले एक मॅगझीन म्हणजे अद्याप भेट न झालेल्या कोणा नवोदिताची हिरावलेली एक फेरी. यास्तव पिस्तूल हस्तांतरित करताना परवान्याच्या कागदपत्रांबरोबर दोषांच्या नोंदींची वहीही द्यावी, अशी प्रथा प्रत्येक नेमबाजी संस्थेने पाडावी असे मला मनापासून वाटते. मैदानावर पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या मुलीला त्या वहीतून आधीच कळेल की तिसऱ्या क्रमांकाचे मॅगझीन शेवटच्या काडतुसाला अडते, त्याची स्प्रिंग बदलावयाची राहिली आहे, तोपर्यंत ते सरावाला वापरावे आणि स्पर्धेला नेऊ नये.