आमची दमणी

सेवानिवृत्तीनंतर काय करणार, हा प्रश्न आमच्या वयाच्या प्राध्यापकास जो तो विचारतो. अमेरिकेंत या वयाचे कित्येक गृहस्थ मोटारीमागें जोडून न्यावयाची एखादी जुनी प्रवासी गाडी, म्हणजे चाकांवरचें छोटें घरच, विकत घेऊन दुरुस्त करीत बसतात. १९३० नंतरच्या दशकांतील ॲल्युमिनियमच्या ‘एअरस्ट्रीम’ गाड्यांवर तर हे लोक जीव टाकतात. आमच्या सेलूच्या घरीं असलें कांहीं नव्हतें. परंतु गोठ्यांत वडिलांची दमणी होती. निवृत्तीस चार वर्षें उरलीं असतां आम्हीं ती नीट करावयास घेतली.

दमणी हा शब्द आतां आमच्या विद्यार्थ्यांस समजावून सांगावा लागतो. ओझें वाहील ती बंडी. माणसें नेण्यासाठीं हलकी, छत घातलेली, ती दमणी. आमच्या दमणीचें छत उडालें होतें, बसावयाच्या फळ्या वाळवीनें खाल्ल्या होत्या आणि डाव्या चाकाचे तीन आरे निखळले होते. एका उपाहारगृहाच्या मालकानें ती दारांत शोभेसाठीं मागितली व किंमतही बरी सांगितली. आम्ही दोन दिवस मोहांत होतों, हें लपवीत नाहीं.

चाकें करणारे सुतारबाबा आमच्या माहितींत एकच उरले आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनीं चाकावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, “भाऊ, चाक मोडलं नाही, वाळलं हाय.” नवे आरे त्यांनीं बाभळीचे केले. लोखंडी आंस ज्या लाकडांत बसतो तें धावड्याचें निघालें. धावड्यास इंग्रजींत ‘आंसाचें लाकूड’ अशाच अर्थाचें नांव आहे. तीस वर्षें इंग्रजी शिकवून तो शब्द शोधण्याची पाळी आम्हांवर एका सुताराच्या अंगणांत आली!

धाव चढविण्याचा दिवस आम्ही विसरणार नाहीं. सुतारबाबांनीं चाकाचा घेर दोरीनें मोजला आणि लोखंडी धाव त्याहून जराशी लहानच करविली. आम्हांस वाटलें, म्हातारा चुकला. मग धावेभोंवतीं गोवऱ्या रचून ती लाल होईपर्यंत तापविली. तापलेलें लोखंड फुगतें. तेवढ्यांत तिघांनीं चिमट्यांनीं उचलून ती चाकावर घातली. लाकूड धुरानें झांकून गेलें, वर घागरी रिकाम्या झाल्या आणि आकसणाऱ्या लोखंडाखालीं प्रत्येक सांधा कडकड करीत मिटला. एकही खिळा मारावा लागला नाहीं. सुतारबाबांचा हात मात्र थरथरत होता. त्यांचा मुलगा नागपुरास सनमायकाचीं कपाटें करतो.

येथें एक कबुली दिली पाहिजे. आम्ही नागपुरास शिकत असतां सुट्टी संपली कीं वडील आम्हांस याच दमणींतून सेलू रोड स्टेशनावर पोहोंचवीत. स्टेशन दिसूं लागलें, कीं “पाय मोकळे करतों” म्हणून आम्ही उतरत असूं. खरें कारण, फलाटावरच्या सोबत्यांनीं आम्हांस बैलांमागें बसलेलें पाहूं नये. जवळच सेवाग्रामास गांधीजींच्या काळीं जुन्या फोर्ड मोटारीस बैल जुंपीत व थट्टेनें तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, हा विनोद आम्हांस तेव्हां ठाऊक असता तर कदाचित् इतकी लाज वाटती ना. वडील कधीं कांहीं बोलले नाहींत. सामान घेऊन ते मागून येत.

दमणी झाली, पण बैल कोठून आणावयाचे? आमच्या तालुक्यांत सिंदीचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. तेथें लांकडी बैल एकाहून एक मोठे. जिवंत जोडी मात्र चार घरें हिंडल्यावर एका शेतकऱ्याकडे मिळाली.

आईस चौऱ्याऐंशी वर्षें झालीं आहेत. तिला घोराडास विठ्ठलाच्या दर्शनाला जावयाचें होतें. तिनें नवा रंग पाहून नाक मुरडलें, घुंगुरमाळा कोठें गेल्या म्हणून विचारलें, आणि गादीवर टेकून बसली. आम्ही शेजारीं बसलों. बैल चालूं लागल्यावर ती समोर पाहतच म्हणाली, “आज मध्येंच उतरणार नाहींस ना रे?”

आम्ही घोराडापर्यंत बसून गेलों. डावें चाक अजून किंचित् वाजतें. पावसाळ्याआधीं तें सुतारबाबांना एकदां दाखवावयाचें आहे.