परक्याच्या अंगणातून आपले घर

इंग्रजीचा तास म्हणजे व्याकरण, पत्रलेखन आणि परीक्षेतील गुण, अशी आपल्याकडील पालकांची सर्वसाधारण समजूत असते. मुलामुलींना चांगली नोकरी मिळावी, परदेशी जाण्याचा योग आला तर तेथे अडू नये, ही त्यामागील इच्छा रास्तच आहे. परंतु दारापलीकडे कोण राहते हे जाणण्याची ओढ लागल्यावाचून नुसत्या किल्लीचा उपयोग तो काय? वसईतील कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकविताना ही ओढ लावण्यासाठी मला दोन पुस्तकांचे फार साह्य झाले. एक दूर आफ्रिकेतले, तर दुसरे आपल्या घरचे.

नायजेरियातील इग्बो समाजात जन्मलेले चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली. अचेबे यांचे वडील स्वतः ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. शांता गोखले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली निघाला, आणि इंग्रजीच्या तासाला लक्ष्मीबाईंना सन्मानाने बोलावण्याची सोय झाली. दोन्ही पुस्तकांत घरातील एक माणूस ख्रिस्ती होतो आणि घर मुळापासून हादरते.

आरंभी मुले अचेबेंच्या पात्रांच्या नावांना हसतात. मग आलेल्या पाहुण्यापुढे कोलाचे फळ फोडण्याची इग्बो रीत येते आणि कोणाला तरी आजीच्या पानाच्या तबकाची आठवण होते. पुढे नव्या सुरणासारख्या कंदाचा, 'याम'चा, सण येतो. देवाला आणि पूर्वजांना अर्पण केल्यावाचून नवे पीक कोणी खायचे नाही. मुंबईच्या ईस्ट इंडियन कुटुंबातील एका विद्यार्थिनीने लगेच आगेऱ्याचे वर्णन केले. ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित होतात, ते सांगितले. तिच्या शेजारच्या मुलीने कोकणातील आपल्या घराच्या दारावर 'नवे' कसे बांधतात, ते सांगितले. वर्षभर एका बाकावर बसणाऱ्या या दोघींना एकमेकींचा सण कळला तो नायजेरियामार्गे!

खरी कसोटी कादंबरीत पुढे लागते. ओकोंक्वोच्या घरात तीन वर्षे मुलासारखा वाढलेला इकेमेफुना देववाणीच्या आज्ञेने मारला जातो. जुळी अर्भके रानात टाकली जातात. ओकोंक्वोचा मुलगा न्वोये यांविषयीचे प्रश्न मनातच कोंडून ठेवतो आणि मिशनऱ्यांचे गीत ऐकताच त्याच्या मनाला गारवा मिळतो. गावाने अस्पृश्य ठरविलेल्या 'ओसूं'ना चर्च आत घेते. मात्र त्याच चर्चच्या मागोमाग परकीय सरकारचे न्यायालय आणि तुरुंगही येतात. अखेरीस ओकोंक्वो गळफास घेतो, आणि गोरा अधिकारी विचार करतो, आपल्या नियोजित ग्रंथात या माणसासाठी एखादा परिच्छेद पुरेल.

एका वर्षी हे वाचून झाल्यावर आपल्यातलाच एक मुलगा उभा राहिला. त्याने विचारले, "टीचर, मग आपले पूर्वज न्वोये होते का?" वर्ग स्तब्ध झाला. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती जिंकली, हे मुलांना पाठ असते. पण मुलाने बाप्तिस्मा घेतला त्या रात्री घरातील आईच्या मनात काय चालले होते, हे सनावळीत नसते. ते मला लक्ष्मीबाईंकडून ऐकवावेसे वाटले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्यांनी विरह सोसला; पुढे पतीसोबत राहूनही सोवळे सांभाळले; आणि स्वतःच्या विचाराने जातिभेद टाकून १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. हे सारे त्या स्वतःवर हसत हसत सांगतात. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट, आपण कॅथलिक. पण त्या घरातील अश्रूंना पंथ नाही.

त्या चर्चेत ओकोंक्वोविषयी सर्वांत कळवळून बोलला तो एक कॅथलिक मुलगा. लक्ष्मीबाईंच्या निर्णयाचे धैर्य एका हिंदू मुलीने उलगडून दाखविले. ओसूंच्या चर्चप्रवेशाविषयी एका बौद्ध विद्यार्थ्याने सांगितले की, १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस त्याच्या घरी मानाचा दिवस म्हणून सांगितला जातो. धर्मांतर या शब्दाने बाहेर आवाज चढतात. वर्गात त्या दिवशी सर्वांनी आवाज खाली आणला होता.

एका पालकांनी मला काळजीने विचारले, "अशा वाचनाने मुलांची श्रद्धा डळमळणार नाही का?" हा प्रश्न मी हलका मानीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या घोषणापत्राने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते नाकारू नये, असे आपल्याला शिकविले आहे. न्वोयेचा आनंद आणि त्याच्या बापाचे दुःख ही दोन्ही खरी आहेत, हे ज्याला सोसते, त्याची श्रद्धा शेजाऱ्याला भीत नाही, असे मी त्यांना सांगितले. ते विचार करीत परतले.

वाचनानंतर मी एक लेखन देते. त्या अधिकाऱ्याच्या ग्रंथात जिला एक परिच्छेदच मिळाला असता, अशा आपल्या गावातील व्यक्तीवर इंग्रजीतून दोन पाने लिहायची. अचेबेंनी इग्बो शब्द जसे इंग्रजीत नांदू दिले, तसे आपले शब्दही राहू द्यायचे. मग कोणाच्या आजीचे लाल लुगडे इंग्रजीत येते, तर 'सोवळे' या एका शब्दासाठी अख्खा तास जातो. 'प्युअर' म्हटले तर अर्थ उणा पडतो आणि 'होली' म्हटले तर भलतीकडेच जातो. त्या तासाला आपली मुले शेजारच्या घराच्या उंबरठ्याशी किती आदराने थांबतात, हे पाहण्यासारखे असते.

फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी आपली भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली मराठीला 'ख्रिस्तपुराण' दिले. आज आपली मुले त्यांची भाषा शिकत आहेत. त्या भाषेतून तीही आपल्या आणि शेजाऱ्याच्या घरची कथा तितक्याच प्रेमाने जगाला सांगोत, एवढीच माझी प्रार्थना आहे.