पाण्याला मालक कोण?

आम्ही नरसिंहपूरची माणसे. आमच्या गावाशी नीरा भीमेला मिळते. दोन नद्या दाराशी, तरी उन्हाळ्यात उजनीतून पाणी कधी सुटते याकडेच आमचे डोळे असतात. म्हणून वरच्या अंगाला कुणी पाणी अडवले की आमचे कान टवकारतात.

आमची काही मुले पोटासाठी पुण्यात राहतात. ती सुट्टीत लवासाला जाऊन आली आणि तिथल्या तळ्याचे कौतुक सांगू लागली. काठाला हॉटेले, पाण्यात होड्या! कष्टकऱ्यांच्या पोरांनी एक दिवस मौज केली, त्यात वाईट काही नाही. पण ते तळे निसर्गाने दिलेले नाही. मोसे खोऱ्यात दासवे येथे एका खासगी कंपनीने आपल्या नव्या शहरासाठी धरण बांधले, त्याचे ते पाणी. ते पुढे वरसगाव, खडकवासला, मुठा, भीमा, उजनी असे करत आमच्याकडे येते.

त्या लहानशा धरणाने आमची भीमा आटली, असे आम्ही म्हणणार नाही. सुमारे ११७ टीएमसीच्या उजनीपुढे ते किती! प्रश्न हक्काचा आहे. त्या खोऱ्यात कातकरी, धनगर, शेतकरी यांची घरे. जमिनीवरून तिथे वर्षानुवर्षे तक्रारी झाल्या. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, २०११ मध्ये अटी घालून परवानगी दिली. २०१८ मध्ये कंपनीच दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. कंपनी बुडाली तरी धरण जागेवरच राहते. सावकार आणि बँका आपल्या पैशाचा हिशोब मागतात. त्या हिशोबात खालच्या गावांची तहान कोण लिहिणार?

'हे पाणी आमच्या मालकीचे' हे शब्द आपल्या समाजाला नवे नाहीत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा लोकांची डोकी फुटली. पुढे विरोधक कोर्टात गेले, ते तळे खासगी आहे असे सांगत! दहा वर्षे लढा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

तेव्हा मालकीची ढाल जातीसाठी होती, आज ती पैशासाठी आहे. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, पण पाण्यावर कुंपण घालण्याची रीत तीच.

आईबापांनो, मुलांना सहलीला जरूर पाठवा. मात्र पाणी कुठून येते, कुठे जाते, हे त्यांना सांगा. आणि ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की मागच्या रांगेत गप्प बसू नका. बायाबापड्यांना पुढे बसवा. घागर त्यांच्याच डोक्यावर असते.